रत्नमालाबाईंचं रोम

इटलीचा नकाशा रत्नमालाबाई फळ्याकडे पाठ करून काढत. तोंड वर्गाकडे, डोळे शेवटच्या बाकावर आणि उजवा हात मागे नेऊन खडू चालू. बोलता बोलता फळ्यावर एक लांब बूट उमटायचा. मग त्या वळून बघत आणि दरवर्षी तोच शेरा मारत, "टाच जरा जाड झाली. चालतंय. आपल्याला तिथं चालत जायचं न्हाई."

मी हिंगोलीकडच्या गोरेगावच्या कॉलेजात मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा इतिहास शिकवणाऱ्या या बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. मी लातूरकडची, इथं कुणी ओळखीचं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, ती मला मिळाली. ती रिकामी का होती हे दोन दिवसांत कळलं. बाई पेपर तपासताना मोठ्यानं बोलत. "असं कसं लिहितो रे बाबा," "ही पोरगी हुशार हाय, पण घाई करून राहिली," असं सगळं चालू असे. पेपर हिरव्या शाईनं तपासत. लाल बघितलं की लेकरं पुढचं वाचतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

सुती साडी, थंडीत त्यावर पुरुषी स्वेटर, पायात कापडी बूट. चालणं भराभर. कुणी 'थोर', 'महान' असे शब्द उत्तरात लिहिले की त्याखाली हिरवी रेघ आणि समासात एकच प्रश्न: 'कशावरून?' लढाईचा धडा संपला की त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न यायचा. त्या दिवशी त्या माणसाच्या घरी स्वयंपाक कोणी केला असेल? पोरं हसत. त्या हसत नसत. उत्तर येईपर्यंत थांबत.

अभ्यासक्रमात रोम म्हणजे अर्ध्या पानाचा मामला होता. बाई त्याला आठवडा देत. परीक्षेत येत नाही ते इतकं कशाला शिकवता, असं प्राचार्यांनी एकदा विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की परीक्षेत येतं ते पोरं गाइडातूनही वाचतात. माझा तास त्यांच्या शेजारच्या वर्गावर असे आणि मधली भिंत पत्र्याची होती. त्यामुळे त्या आठवड्यात माझ्या पोरांनाही कवितेपेक्षा रोमच जास्त ऐकू येई. मीही फारशी तक्रार करत नसे.

त्यांचा सीझर अस्सल इकडचा होता, आणि त्याचा प्रतिस्पर्धी सेनापती पोंपीही. "सीझर म्हनला, मी काहून सोडू माझं सैन्य? आधी पोंपीला सोडाया लावा. पोंपी म्हनला, मी तर इथं रोमातच हाव, मी कुनाचं काय घेतलं? त्यानं सोडावं." मग आवाज खाली आणून त्या विचारत, ही दोन माणसं एकमेकांची कोण होती? पोरं म्हणत, दुश्मन. बाई म्हणत, न्हाई. सासरा-जावई होती.

मग ज्युलिया यायची. सीझरची एकुलती एक लेक. दोन पुढाऱ्यांची दोस्ती पक्की व्हावी म्हणून बापानं ती पोंपीला दिली. जावई सासऱ्यापेक्षा वयानं मोठा. इथं वर्ग हसायचा. पण नवरा-बायकोचं चांगलं जमलं, इतकं की पोंपी राजकारण सोडून घरातच बसतो अशी लोक टिंगल करत. काही वर्षांनी ज्युलिया बाळंतपणात गेली, लेकरूही चार दिवसांत गेलं. नवऱ्याला तिला आपल्या मळ्यात न्यायचं होतं. लोकांनी ऐकलं नाही, गावाच्या मोठ्या मैदानावर नेऊन तिला अग्नी दिला. बाई सांगत, आता मधला धागा तुटला हे लोकांना कळलं होतं, त्या दोघांना कळायच्या आधी. पुढं काही वर्षांत दोघांच्या फौजा समोरासमोर आल्या. रोमची माणसं रोमच्याच माणसांना मारायला निघाली. "आपल्याकडं ह्याला यादवी मनतात. यादव बाहेरच्यांनी मारले न्हाईत. आपआपसात मेले."

एका वर्षी त्यांनी वर्ग ओढ्यावर नेला. गोरेगावापासून काही अंतरावर दोन गावं आहेत, मध्ये एक ओढा. अलीकडच्या काठाला बाईंचं सासर, पलीकडच्या काठाला माहेर. हिवाळा होता, काठानं तूर उभी होती, ओढ्यात घोट्याएवढं पाणी. सीझरनं फौज घेऊन ओलांडली ती रुबिकॉन नदी म्हणजे गोदावरी समजू नका, त्या म्हणाल्या. एवढीच असेल. आज ती नेमकी कोणती हेसुद्धा लोकांना खात्रीनं सांगता येत नाही. पाणी सीझरला अडवत नव्हतं, कायदा अडवत होता. फौज घेऊन या काठाच्या पुढं यायचं नाही, असा कायदा. मग त्यांनी साडी जरा वर धरली आणि चार पावलांत ओढा ओलांडून पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बघा, झालं. एवढाच वेळ लागला असंल."

त्या ओढ्यावर तेव्हा नवा पूल झाला होता, पण बाई पुलावरून गेल्या नाहीत. त्याचं कारण मला पुढं कळलं.

त्यांचे भाऊ गंगाधरराव आणि यजमान दत्तराव हे शाळेपासूनचे दोस्त. एका ताटात जेवणारे. वडील लवकर वारले म्हणून घर गंगाधररावांनीच सांभाळलं, आणि बहिणीच्या लग्नाची वेळ आली तेव्हा दुसरीकडे स्थळच बघितलं नाही. बाईंना कुणी विचारलं नव्हतं. दत्तराव माणूस चांगला निघाला, त्यांनी लग्नानंतर बाईंना एम. ए. करू दिलं, बी. एड.ला पाठवलं. तक्रार करावी असं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट बदलली होती. ज्या दत्ताच्या पाठीत गंगाधरराव धपाटा घालायचे, त्याला आता 'दाजी' म्हणावं लागलं. तो दारात आला की पायावर पाणी, बसायला सतरंजी, पहिलं ताट त्याचं. गंगाधररावांनी हे सगळं हसत केलं. बाईंनी मला सांगितलं, त्या हसण्याकडे मी नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दोघांनी मिळून बरंच केलं. एसटी गावात आणली, शाळेच्या खोल्या बांधून घेतल्या आणि शेवटी तो पूल. पावसाळ्यात ओढा चढला की पलीकडची पोरं शाळेला मुकायची. कचेऱ्यांच्या पायऱ्या दोघांनी सोबतच झिजवल्या. पूल झाल्यावर कोनशिला बसवली आणि कारागिरानं दत्तरावांचं नाव वर कोरलं, गंगाधररावांचं खाली. जावई माणूस, मान वरचा, असं त्याला वाटलं. उद्घाटनाला गंगाधरराव सगळ्यांसमोर हसत म्हणाले की बाराखडीत तर 'ग' आधी येतो. सगळे हसले. दत्तरावही हसले.

पुढं एका सकाळी वरच्या नावावर डांबर फासलेलं दिसलं. कुणी केलं ते आजतागायत कळलं नाही. गंगाधररावांनी शपथ घेतली की त्यांचा हात नाही, आणि बाईंना ते खरं वाटत होतं. पण दत्तराव म्हणाले, तू केलं न्हाईस, पण पुसलंबी न्हाईस. आणि गंगाधरराव म्हणाले, मी काहून पुसू? पुसलं तर मीच केलं असं होईल. बाईंनी वर्ग ओढ्यावर नेला तेव्हाही ते डांबर तसंच होतं.

बाई पोरांना सांगत, भांडणाचं कारण विचारू नका. कारण दोघं वेगवेगळं सांगतात आणि दोन्ही चांगली असतात. भांडणातली पहिली गोष्ट विचारा, ती एकच असते आणि लहान असते.

त्यानंतर पंचायत समितीची निवडणूक जवळ आली आणि दोघांनी एकाच जागेला उभं राहायचं जाहीर केलं. इथून गोष्ट दोन माणसांची राहिली नाही. दोन्ही गावांचा मिळून एक गणपती असायचा, त्याचे दोन झाले. हळदीकुंकवाची बोलावणी काठ बघून जाऊ लागली. सगळ्यात वाईट जीपांचं झालं. गोरेगावहून सेनगावला, हिंगोलीला जाणाऱ्या जीपा वाटल्या गेल्या, ही ह्यांची, ती त्यांची. ह्यांच्या माणसानं त्यांच्या जीपमध्ये पाय ठेवायचा नाही. बाळंतीण बाईसुद्धा उन्हात उभी राहायची, पण समोरच्या जीपमध्ये बसायची नाही. एकट्या रहीमभाईंची जीप दोन्हीकडच्यांना घ्यायची. रहीमभाई पिढ्यान् पिढ्या गोरेगावचे. बाई रोज त्यांच्याच जीपनं येत, पुढच्या सीटवर खिडकीशी बसून. दोन्ही बाजूंनी निरोप आले तेव्हा रहीमभाई म्हणाले होते की माझ्या गाडीला स्टेअरिंग एकच आहे.

त्याच वर्षी रोमच्या तासाला एक पोरगी उभी राहिली. पलीकडच्या गावची, धीट. मी पत्र्याच्या या बाजूला होते. माझी पोरं निबंध लिहीत होती, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू आलं. तिनं विचारलं, "बाई, मंजी तुमच्या घरच्यावानीच ना हे?"

माझ्या पोरांचे पेनसुद्धा थांबले. मग बाईंचा आवाज आला. रोजचाच आवाज होता.

"व्हय. फरक एवढाच की ज्युलिया मेली आन् मी जित्ती हाव."

मग त्या पोरीनं विचारलं की ज्युलिया जगली असती तर लढाई टळली असती का. बाई म्हणाल्या, माहीत नाही. इतिहासात 'असती तर'ला मार्क नाहीत. आणि त्यांनी पुढचं सांगायला घेतलं. रोमच्या सभेत एकदा ठराव आला होता की दोघांनी एकदमच आपापली फौज सोडावी. जवळजवळ सगळ्यांनी होकार दिला, विरोधात मोजकेच. तरी तो अमलात आला नाही. सगळ्यांना पाहिजे होतं ते झालं नाही, कारण थोड्यांना नको होतं, आणि ती थोडी माणसं जास्त जोरात ओरडत होती.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी दुपारी तो प्रकार झाला. बाई रहीमभाईंच्या जीपमधून घरी निघाल्या होत्या. मागे दोन्ही गावांची माणसं दाटीनं बसलेली. पलीकडच्या गावाची माणसं आधी सोडायची म्हणून जीप पुलावर चढली आणि पोरांनी ती अडवली, दोन्ही टोकांना. ह्यांना उतरवा, त्यांना उतरवा, असं सुरू झालं. रहीमभाई समजूत घालायला खाली उतरले आणि दगड आला. त्यांच्या कानाच्या वर लागला. ते पुलाच्या कठड्याला धरून खाली बसले. त्यानंतर आणखी दगड आले, दोन्हीकडून. मग बाई खाली उतरल्या आणि एकेका पोराचं नाव घेऊन हाक मारू लागल्या, हजेरी घ्यावी तशी. बहुतेक त्यांचेच विद्यार्थी होते. स्वतःचं नाव ऐकलं की एकेक जण मागं सरकला.

रहीमभाईंना घेऊन त्या हिंगोलीच्या दवाखान्यात गेल्या. तिथंच दोन्हीकडचे निरोप आले. यजमानांकडून आलेला माणूस म्हणाला, पोलिसांना सांगा, दगड तिकडून आला. भावाकडून आलेला म्हणाला, माहेरची लाज राखा, दगड इकडून आला म्हणा. बाईंनी दोघांना एकच सांगितलं की मी जेवढं बघितलं तेवढं सांगणार, आणि मी दोन्ही हात बघितले. तसं त्यांनी सांगितलंही. दोन्हीकडच्या पोरांची नावं दिली.

रहीमभाई वाचले, पण त्या कानानं त्यांना पुन्हा नीट ऐकू आलं नाही.

दवाखान्यातून बाई सासरी गेल्या नाहीत, माहेरीही गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कॉलेजला आल्या त्या त्याच साडीत. सुट्टीत मला विचारलं, "मॅडम, तुमच्या शेजारची खोली रिकामी हाय ना?" मी होय म्हटलं. संध्याकाळी त्या माझ्या शेजारीण झाल्या. एक सतरंजी, एक स्टोव्ह, चार भांडी. आमच्या दोन खोल्यांमध्येही पत्र्याचीच भिंत होती.

पन्नाशीची बाई, नवरा जिवंत, भाऊ जिवंत, पुण्याला नोकरीला असलेला मुलगा, आणि राहते भाड्याच्या खोलीत. गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. सासरचे म्हणाले, भावाची बाजू घेतली. माहेरचे म्हणाले, नवऱ्याला घाबरली. मुलाला एक स्थळ आलं होतं, ते परत गेलं. त्या दिवशी बाई भाकरी करता करता थांबल्या. मी दाराशी बसले होते. तवा तापून धूर निघायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मी तवा उतरवला.

मग त्या बोलल्या. एरवी त्या घरचं फारसं बोलत नसत.

"मला गाठ मनून वापरलं, मॅडम. दोन दोऱ्यांची गाठ. दोरे ताणले की लोक मनतात, गाठ पक्की हाय, काळजी न्हाई. गाठीला कुनी इचारत न्हाई, तुला दुखतंय का मनून."

थोड्या वेळानं म्हणाल्या की तिकडं ज्युलियाचं काय म्हणणं होतं हे कुणीच लिहून ठेवलं नाही. तिला बापाचं पटत होतं की नवऱ्याचं, काहीच माहीत नाही. मी मात्र माझं म्हणणं सांगून टाकणार आहे. त्यांनी पुन्हा तवा ठेवला आणि राहिलेल्या भाकरी केल्या.

पहिल्यांदा दत्तराव आले. उंच, थोडे वाकलेले, बोलायला मऊ. दारातच उभे राहिले. घरी चला म्हणाले. बाईंनी अट सांगितली. तोवर दोघांनी अर्ज भरले होते आणि ते मागं घ्यायचा शेवटचा दिवस जवळ आला होता. दोघांनी एकाच दिवशी, एकाच वेळी मागं घ्यायचा. तोपर्यंत मी कुणाच्याच छपराखाली झोपणार नाही. दत्तराव म्हणाले, मी घेतो, पण आधी त्यानं घ्यावा. दुसऱ्या दिवशी गंगाधरराव आले. ठेंगणे, तापट, डोळे पाण्यानं भरलेले. ते म्हणाले, माले, तू मनशील ते करतो, पण आधी त्याला घ्याया लाव. दोघांची वाक्यं मी पत्र्यापलीकडून ऐकली आणि वर्गात ऐकलेला सीझर आठवला. बाईंनाही आठवला असणार. त्या हसल्या मात्र नाहीत. दोघांना एकच उत्तर दिलं, आधी कुणीच न्हाई.

शेवटच्या दिवशी सकाळी रहीमभाईंची जीप आमच्या दारात आली. त्यांच्या डोक्याला अजून पट्टी होती. बाई मला म्हणाल्या, तुमीबी चला, मला सोबत पायजे. मी मागे बसले. आधी सासरचं गाव घेतलं. दत्तराव घरासमोर तयार उभे होते. मग पूल ओलांडून माहेर. गंगाधरराव पारावर बसले होते, जीपमध्ये दत्तराव दिसल्यावर उठले आणि पुन्हा बसले. बाई खाली उतरल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. ते आले.

पुढं रहीमभाई. मधल्या सीटवर एका खिडकीशी दत्तराव, दुसऱ्या खिडकीशी गंगाधरराव आणि मध्ये बाई. सोयाबीन निघून गेलेली रानं मोकळी पडली होती. दोघेही आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते. पाणी पाहिजे का, असं रहीमभाईंनी एकदा विचारलं. जीपच्या घरघरीत एका कानानं त्यांना उत्तर ऐकू आलं नसतं, हे बहुतेक तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. तिघांच्याही माना खाली गेल्या.

सेनगावच्या कचेरीत गर्दी होती. दोन्हीकडची पोरं बातमी लागून आधीच येऊन थांबली होती, दोन घोळके करून, मध्ये पोलीस. आतल्या खोलीचं दार दोन फळ्यांचं, पण एकच फळी उघडी होती. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी जागा. तिथं येऊन दोघं थांबले. आधी आत जाईल त्यानं आधी माघार घेतली, असं होणार होतं. दत्तराव पाऊल उचलेनात. गंगाधरराव भिंतीकडे बघत राहिले. मागं घोळक्यांमध्ये कुजबुज वाढायला लागली. एक पोरगा पुढं सरकला, त्याला पाहून समोरचा सरकला. सगळं इथपर्यंत येऊन त्या दारात मोडणार असं वाटलं.

बाई शिपायाला म्हणाल्या, "बाबा, दुसरी फळी उघड."

शिपाई म्हणाला, ती कितीतरी वर्षांत उघडली नाही, कडी गंजली आहे. बाई म्हणाल्या, उघड. त्यानं कडी ओढली, हलली नाही. मग त्यानं बाहेरून एक वीट आणली आणि खालून ठोकायला सुरुवात केली. ठक, ठक. सगळी कचेरी त्या आवाजाकडे बघत होती. घोळकेही बघत होते. माणूस काही ठोकत असला की लोक बघतातच. कडी निसटली, फळी फरशीला घासत उघडली, वरून धूळ पडली दोघांच्याही टोप्यांवर. गंगाधररावांनी सवयीनं दत्तरावांच्या खांद्यावरची धूळ झटकली, मग हात मागे घेतला. दोघं सोबत आत गेले.

ती जागा तिसऱ्याच माणसानं जिंकली. काही पोरांनी बाईंचं नाव घेऊन शिव्या दिल्या. पुलावर मात्र पुन्हा दगड पडला नाही. हळूहळू जीपा पुन्हा सगळ्यांना घ्यायला लागल्या, कारण आता कुणाची कोणती हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

पण दोघं एकमेकांशी बोलत नव्हतेच. आणि बाई खोलीतच राहत होत्या. मी विचारलं, अट तर पुरी झाली, आता का जात नाही? त्या म्हणाल्या, फौज सोडली, राग कुठं सोडला? कोणत्याही एका घरी गेले तर ते घर जिंकलं असं होईल. त्यामुळे आठवड्याला दोन पाहुणे ठरलेले. बाजाराच्या दिवशी दत्तराव येत, शेतातली भाजी आणत, वांगी, मेथी, हरभऱ्याची भाजी. रविवारी गंगाधरराव, कधी दूध, कधी तूप. बाई दोघांना चहा देत आणि दोघांनाही दुसऱ्याचं काही सांगत नसत.

एका बाजाराच्या दिवशी गंगाधरराव आले. रविवारी त्यांना कुठल्याशा लग्नाला जायचं होतं म्हणून. आत दत्तराव बसलेले होते. मी माझ्या दारात गहू निवडत होते. गंगाधरराव उंबऱ्यावर थबकले. परत जातात असं मला वाटलं. पण हातात दुधाची किटली होती, आणि दूध दारातून परत नेणं बरं दिसलं नसतं. ते आत गेले.

मिनिटाभरानं बाई माझ्याकडे आल्या, हातात रिकामी वाटी. साखर संपली म्हणाल्या. मी वाटी भरून दिली. त्यांनी ती घेतली आणि माझ्या पलंगावर बसल्या. उठल्याच नाहीत. पत्र्यापलीकडे अगदी शांत होतं. बाई वाटीतल्या साखरेकडे बघत होत्या. कुणीतरी खोकलं. स्टोव्हवर दूध चढून उतू गेल्याचा वास आला आणि कुणीतरी घाईनं उठून स्टोव्ह बंद केल्याचा आवाज. मग गंगाधररावांचा आवाज आला, जरासा खरबरीत.

"दत्ता, तुझ्या विहिरीवरची मोटार चालू झाली का?"

दाजी म्हटलं नव्हतं. दत्ता म्हटलं होतं. बाईंनी डोळे मिटले. पलीकडून उत्तर आलं की न्हाई झाली, वायरिंग जळालं, दोनदा माणूस बोलावला. मग ते वायरिंगवर बोलू लागले, कितीतरी वेळ, मोटारीच्या कंपन्या, माणसांची लबाडी, पाण्याची पातळी. बाई उठल्या तेव्हा साखरेची वाटी माझ्या पलंगावरच राहिली.

पुढच्या आठवड्यात त्या खोली सोडून घरी, दत्तरावांकडे गेल्या. सतरंजी मला देऊन गेल्या.

त्यानंतर माझी बदली झाली आणि मी हिंगोलीला आले. बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मी गेले होते. भाषण त्यांनी पाचच मिनिटं केलं आणि त्यातही एका वक्त्यानं त्यांना 'महान शिक्षिका' म्हटलं होतं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, कशावरून? सभागृहात पहिल्या रांगेत रहीमभाई बसले होते, चांगला कान पुढं करून.

यंदा उन्हाळ्यात हिंगोलीच्या बसस्थानकावर मी नांदेडच्या गाडीची वाट बघत होते. शेजारच्या फलाटावर बाई दिसल्या. केस सगळे पांढरे, पायात तेच कापडी बूट. सोबत दत्तराव, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चार पुडांचा डबा. गंगाधररावांचं नांदेडला ऑपरेशन झालं होतं, पित्ताशयाचं. काळजी करण्यासारखं काही नव्हतं. पण दत्तराव कुरकुरत होते. त्याला दवाखान्यातलं जेवण चालत नाही, ज्वारीची भाकरी पाहिजे, तीही पातळ, आणि ठेचा नको म्हटलं डॉक्टरनं तरी ठेचा पाहिजे. मी ठेचा आणला न्हाई, ते मला सांगत होते, आता बघा किती बोलतो ते मला.

गाडी लागली. आम्ही एकाच गाडीत चढलो. बाईंना खिडकीची जागा मिळाली, दत्तराव शेजारी बसले. डबा त्यांनी मांडीवर घेतला, खाली ठेवला नाही. मला मागं दोन बाकं सोडून जागा मिळाली. कंडक्टर यायचा होता, गाडी उन्हात तापलेली होती, माणसं अजून चढत होती, कुणी टोपल्या ढकलत होतं, कुणी जागेवरून बोलत होतं. खिडकीतून ऊन थेट बाईंच्या तोंडावर येत होतं. दत्तरावांनी पिशवीतून टॉवेल काढला आणि डबा सांभाळत, वाकून, दुसऱ्या हातानं तो खिडकीच्या गजात खोचला. नीट बसेना. पुन्हा खोचला.

मला बाईंशी खूप बोलायचं होतं. मी वाकून बघितलं. एवढ्या गलक्यात, गाडी सुटायच्या आधीच, त्यांना झोप लागली होती.